संशयित क्रमांकाच्या गावी

पुण्यातल्या आमच्या कार्यालयात एका कोवळ्या थंडीच्या सकाळी असा निष्कर्ष निघाला, की हिंगणघाटात एक यंत्र माणसाचे सोंग घेऊन कापूस विकत आहे.

आम्ही ॲप बनवणारी माणसे. हिंगणघाटच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, आम्ही टोकनाचे ॲप केले होते. शेतकऱ्याने घरूनच टोकन घ्यावे, पाळी आली की ट्रॉली घेऊन यावे, रस्त्यावर रांग लागू नये, एवढाच त्याचा हेतू. ॲपची बांधणी मुक्ताची आणि त्यातली वाक्ये माझी. माझे सारे शिक्षण कवितेत झाले. पोट मात्र मी पडद्यावर उमटणाऱ्या सूचना लिहून भरते. चार शब्दांची सूचनाही लयीत बसली पाहिजे असा माझा हट्ट असतो आणि मुक्ता तो निमूटपणे सहन करते.

सकाळी टोकने सुरू झाली, की हे ॲप गुदमरत असे. त्याच्या नोंदी आमच्याकडे नसतात. त्या दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या थंडगार इमारतीत, भाड्याने घेतलेल्या डेटाबेसमध्ये राहतात. यंत्रांची देखभाल त्या घरमालकाची. आपण फक्त वापरायचे आणि गर्दी वाढली की जागा वाढवून मागायची. मुक्ता ज्याला ‘नोएस्क्यूएल’ म्हणते तो हा प्रकार मला तिने असा समजावला होता: एक प्रचंड वास्तू आहे, तिला असंख्य खोल्या आहेत. नोंद दारात आली की तिची चावी पाहायची आणि त्या चावीच्या खोलीत तिला धाडायचे. मुक्ताने चावी म्हणून शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक निवडला होता. जितके शेतकरी तितके क्रमांक, जितके क्रमांक तितक्या खोल्या. गर्दी आपोआप पांगणार. या विद्येच्या कोणत्याही पुस्तकात हेच उत्तर सापडते.

तरीही ॲप गुदमरत होते. मुक्ताने जागा वाढवली, पुन्हा वाढवली, तरी गुदमरणे तसूभर कमी झाले नाही. शेवटी तिने एकेका खोलीत डोकावून पाहिले, तेव्हा साऱ्या खोल्या ओस होत्या आणि एकाच खोलीच्या दाराशी चेंगराचेंगरी चालली होती. जवळजवळ सगळी टोकने एकाच मोबाइल क्रमांकावर घेतली जात होती.

“हा माणूस नाही,” आमचे साहेब म्हणाले. “एवढा कापूस एका माणसाला पिकवता येणार नाही. हे यंत्र आहे. बंद करा.”

क्रमांक बंद झाला. दुपारच्या चहाच्या आत जिनिंगचे मालक गोविंदशेठ यांचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही एक नंबर बंद केला का पूरा तालुका बंद केला? लोक गेटवर येऊन विचारून राह्यले, शेठजी, आम्ही काय चोर हाओत का?” मग त्यांचा आवाज खाली आला आणि अधिक भीतीदायक झाला. “सोमवारी पुन्हा टोकन चालू करतो. त्या दिवशी अडकलं, तर तुमचं ॲप बंद. आमची रस्त्यावरची लाइनच बरी होती. ती कधी हँग नव्हती होत.”

मुक्ताने फोन ठेवला. आजवर तिने इतरांची पडकी घरे डागडुजी करून उभी केली होती. पायापासून तिने बांधलेले हे पहिलेच घर. ते सोमवारी पाडले जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता. साहेबांनी बंदी उठवली आणि उपायही सांगून टाकला: एक माणूस, एक क्रमांक असा नियम लावा. “पण आधी तिथे जाऊन बघू या, ताई,” मुक्ता मला म्हणाली. तिला कपाशी पाहायची होती. मला, खरे सांगायचे तर, ते यंत्र पाहायचे होते.

शनिवार : वर्ध्याहून हिंगणघाट

रेल्वेच्या रात्रीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ती सगळीकडे सारखीच असते. वर्ध्याला उतरून मोटारीने हिंगणघाटाकडे निघालो आणि माझी झोप डोळ्यांतून अलगद सांडून गेली. पुण्याचे आकाश टेकड्यांच्या आणि इमारतींच्या मधल्या फटीतून मिळते. इथे ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न कापलेल्या कापडासारखे अंथरलेले होते. त्याखाली काळी माती, आणि त्या मातीवर फुटलेली बोंडे. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. भरल्या ट्रॉल्या जाता जाता काट्यांना आपले थोडे थोडे देऊन गेल्या होत्या, त्यामुळे बाभूळही फुलल्यासारखी दिसत होती. मी गाडीची काच खाली केली. वाऱ्याला ओल्या मातीचा, धुराचा आणि अगदी अंधुकसा तेलाचा वास होता.

तो तेलाचा वास जिनिंगच्या फाटकाशी दाट झाला. आत कापसाचे ढीग होते. ढीग हा शब्द तोकडा आहे, ते शुभ्र डोंगर होते आणि त्यांच्या अंगावर माणसे चढत होती. हवेत तंतू तरंगत होते. उन्हाच्या तिरिपेत ते इतके सुंदर दिसले, की मी तोंड उघडून पाहत राहिले आणि लगेच शिंकू लागले. पुढचे तीनही दिवस मी तिथल्या सौंदर्याला शिंकांनीच दाद दिली.

गोविंदशेठ पोटाने आणि मनाने रुंद गृहस्थ. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातले. मराठी बोलता बोलता ते हिंदीच्या अंगणातून एक फेरी मारून येतात. पुण्यात पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? इथे चहा आधी येऊन बसलेला असतो आणि तुम्ही त्याला भेटायला गेल्यासारखे जाता.

“माणूस कोन है, तुम्ही पाहिलं का?” मी विचारले. शिष्टाचार म्हणून मीही थोडे हिंदी घातले होते.

“कोणता माणूस?”

“तो क्रमांक ज्याचा आहे तो.”

शेठजींनी माझ्याकडे आधी आश्चर्याने आणि मग दयेने पाहिले. “फोन लावून पाहा ना, मॅडम.”

आम्ही त्या क्रमांकाचे आलेख काढले होते, त्याच्या हालचालींवर बैठका घेतल्या होत्या, त्याला संशयित ठरवून शिक्षाही दिली होती. मोबाइल क्रमांकाला फोन करता येतो, हे मात्र आमच्या कार्यालयात एकालाही सुचले नव्हते. मुक्ताने तो लावला.

घंटी फाटकासमोरच्या रस्त्यापलीकडे वाजली.

तिथे पत्र्याच्या छपराखाली एक चहाचे दुकान होते. एक ठसठशीत बाई एका हाताने कढईत आलुबोंडे सोडत होती. दुसऱ्या हाताने तिने फोन उचलून खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबला. “हॅलो! कोन्या गावचे?” हा आवाज आम्हाला फोनमधून आणि रस्त्यावरून असा दोन्हीकडून ऐकू आला, रस्त्यावरचा अधिक स्पष्ट होता.

“मी... मुक्ता. पुण्याची.”

“पुन्याचा कापूस नाई घेत शेठजी. ठेवा.”

हे आमचे यंत्र. सारा तालुका तिला शोभावहिनी म्हणतो. म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आम्ही रस्ता ओलांडून ओळख सांगितली, तेव्हा तिने झारा तसाच उंच धरून आम्हाला नखशिखान्त न्याहाळले.

“तुमीच का थ्या, माह्यावाला नंबर बंद करनाऱ्या? अवो माय, फोन असा मुका झालता, का मले वाटलं बॅटरी मेली. मंग कळलं, मलेच मारलं पुन्यावाल्यांनी!”

बाकावरचे लोक खदखदून हसले. त्यांत धनराजभाऊ होते: काळेसावळे, काटक, कपाशीचे जुने कास्तकार. पुढच्या दोन दिवसांत विदर्भाच्या वतीने माझी उलटतपासणी घेण्याचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले.

“पण सगळ्यांनी वहिनींचाच क्रमांक का दिला?” मुक्ताने विचारले.

“तुमच्याच ॲपात लिवलं हाय ना जी,” धनराजभाऊ म्हणाले आणि त्यांनी आपला फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून, शाळेत कविता म्हणावी तसे वाचले: “‘आपणांशी खात्रीने संपर्क होईल असा क्रमांक द्यावा.’ आता सांगा. माहा फोन वावरात नेला तं रेंज नाई. घरी ठेवला तं पोट्टे त्याच्यात गाड्या पळवून राह्यले. खात्रीनं सापडते कोन? वहिनी सापडते. हे फाटकासमोर बसून राह्यते. टोकन लागलं का अन् पाळी आली का मेसेज हिले येते, नाव वाचते, आवाज देते. गावात असलो तं दूधवाल्याच्या गाडीवर निरोप धाडते.”

“एका दिवसाले चुकला नाई निरोप,” वहिनी म्हणाली. “तुमचं मशीन अडकते, मी नाई अडकत.”

ते वाक्य माझे होते. ‘कोणता क्रमांक’ असे साधे विचारण्याऐवजी मी त्याला भारदस्त केले होते आणि लोकांनी त्याला अत्यंत प्रामाणिक उत्तर दिले होते. मी मुक्ताकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती हे मला कानशिलांच्या उष्णतेवरून कळले.

“अन् हे दुसरं कोन लिवलं?” धनराजभाऊंनी पुढचे पान उलगडले. “‘कृपया क्षणभर विसावा, आपली विनंती वाटेत आहे.’ आता मी थकलोच नाई, तं विसावू काऊन? म्या पुन्हा दाबलं. पुन्हा म्हनते, विसावा. मले आला राग. दाबतच राह्यलो.”

“आमी सबनच दाबतो,” बाकावरून कोणी तरी दुजोरा दिला. “थे बाई विसावा म्हनते, आमी दाबतो. सकाळचा व्यायाम होऊन जाते.”

मुक्ताचा चेहरा उतरला. “म्हणजे एकाच दाराशी गर्दी,” ती हळूच मला म्हणाली, “आणि दार अडलं की, ताई, तुमचं वाक्य दिसतं, आणि वाक्य दिसलं की तीच माणसं पुन्हा दुपटीनं धावतात.” कवितेचा वाचकावर परिणाम व्हावा असे मला नेहमी वाटे. झालेला मी प्रथमच पाहत होते.

वहिनीने आमच्या पुढ्यात आलुबोंडे ठेवले, फोडले आणि त्यांवर तर्री ओतली. तर्रीचा रंग मावळत्या सूर्याचा होता. पहिल्या घासाला मिरची जिभेवर नव्हे, थेट कानामागे पोहोचली. दुसऱ्याला डोळे वाहू लागले. तिसरा मी केवळ पुण्याच्या अब्रूसाठी घेतला.

“तिखट झालं का?” वहिनीने विचारले.

“नाही, नाही. अगदी छान.”

“मंग रडून काऊन राह्यली माय? पाह्य, साखर खा.”

रविवार : चाव्यांचा शोध

सकाळी शेठजींच्या कचेरीच्या ओसरीत मुक्ताने संगणक मांडला. समोर कापसाचे डोंगर उन्हात हळूहळू पिवळसर होत होते. तिने मला दुखणे नीट समजावून सांगितले. प्रत्येक क्रमांकाच्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे. नवे टोकन आले की ती पाटी उतरवायची, त्या क्रमांकाची टोकने किती झाली ते एकाने वाढवून लिहायचे आणि पाटी परत लावायची. एकाच्या हातात पाटी असताना दुसऱ्याने ओढली, तर दुसऱ्याला परत पाठवतात. वहिनीच्या खोलीत रोज सकाळी तालुका लोटतो आणि प्रत्येकजण ती एकच पाटी ओढतो. बाहेर राजवाडा कितीही वाढवला, तरी पाटी एकच.

साहेबांचा फोन आला. एक माणूस, एक क्रमांक. नियम लावला का? मुक्ता म्हणाली, लोकांना विचारून सांगते. साहेबांना ही पद्धत अपरिचित असावी.

आम्ही दुकानावर गेलो. नियम ऐकून वहिनीने स्टोव्हची वात खाली केली. तिच्या दृष्टीने ही गंभीर गोष्ट होती.

“लावा ना,” ती म्हणाली. “मले का? फोन शांत राहीन. मी निवांत बोंडे तळीन.” पण हे म्हणताना तिने तो फोन पदराने पुसला, दोनदा पुसला.

“म्या मंग माह्या जावयाचा नंबर देईन,” धनराजभाऊ म्हणाले. “थो नागपुरात राह्यते, दिवसभर फोन हातात. फक्त एक करा, माह्या टोकनाची पाळी आली का थो नागपुराहून आवाज देईन, थो मले हिंगनघाटात ऐकू आला पाह्यजे.”

नियम तिथेच निकालात निघाला. मुक्ताने साहेबांना तसे कळवले आणि चावी बदलायचे ठरवले. क्रमांक वहिनीचाच राहील. पण नोंद कोणत्या खोलीत जाईल ते दुसऱ्याच कशावरून तरी ठरेल.

“भाऊ, तुमच्या ट्रॉलीचा क्रमांक काय?”

धनराजभाऊंनी सांगितला. शेजारच्याने सांगितला. त्याच्या शेजारच्याने सांगितला. मुक्ताने लिहिणे थांबवले. “हे तर सगळे एकच आहेत.”

“ट्रॅक्टर एकच हाय ना जी गावाले. आलटूनपालटून नेतो. तुमच्या पुन्यात का हरेक घरी ट्रॅक्टर राह्यते?”

गावाचे नाव घ्यावे तर दोन मोठ्या गावांचाच कापूस निम्म्याहून अधिक. आडनाव घ्यावे तर त्या दोन गावांत आडनावांची भलतीच काटकसर. मी सुचवले, की पीक कोणत्या वाणाचे ते विचारावे. सगळ्यांनी एकाच दुकानातून एकच बियाणे आणले होते. या माणसांची जी जी खूण विचारावी, ती त्यांनी एकमेकांत वाटून घेतलेली निघत होती. पुण्यात आमच्या इमारतीत शेजारच्या घराच्या घंटीवर काय नाव आहे हे मला सांगता येणार नाही. इथे माणसाला शेजाऱ्यापासून वेगळे काढणारी एक गोष्ट आम्हाला सापडेना.

जेवायला शेठजींच्या घरी वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी आणि गोळाभात होता. गोळाभातावर गरम तेलाची धार सोडतात. ती भातात शिरताना एक लहानसा चर्रकार होतो आणि हरभऱ्याच्या पिठाचा खमंग वास थेट कपाळात चढतो. मी तिसऱ्यांदा वाढून घेत असताना मुक्ताचा हात ताटावर थबकला.

“ताई, आपण अर्थ शोधतोय, तेच चुकतंय. चावीला अर्थच नको.”

“म्हणजे?”

“नुसती चिठ्ठी उचलायची. कोणतीही. टोकन आलं की डोळे मिटून एक आकडा काढायचा, तो वहिनींच्या क्रमांकाला जोडायचा, आणि जी खोली येईल तिथे पाठवायचं. प्रत्येक खोलीत वेगळी पाटी. आकड्याचा गावाशी, माणसाशी, कशाशीच संबंध नाही.”

मी घास हातात धरून बसले. ज्या बाईने सारा जन्म शब्दांत अर्थ भरण्यात घालवला, तिच्यासमोर निरर्थकतेची ही जाहीर आरती चालली होती आणि ती बिनचूक होती.

“यात एकच तोटा,” मुक्ता पुढे म्हणाली. “एकूण टोकनं किती, हे शेठजींना पडद्यावर पाहायचं असतं. ते आता सगळ्या पाट्या गोळा करून सांगावं लागेल. पडदा थोडा मागे राहील.”

“राहू दे थोडा,” शेठजी म्हणाले आणि तिच्या ताटात आणखी तेल सोडले.

दुपारभर तिने चाव्या बदलल्या. दार अडले तर प्रत्येक फोनने वेगवेगळा वेळ दम खाऊन, आपणहून पुन्हा प्रयत्न करावा अशीही सोय केली. मी माझ्या वाक्याची शस्त्रक्रिया वहिनीच्या बाकावर बसून केली. मी ‘प्रतीक्षा करावी’ सुचवले. धनराजभाऊ म्हणाले, हे तं कोर्टाचं समन वाटते. मी ‘थोडे थांबा’ सुचवले. ते म्हणाले, थांबा म्हनल्यावर जगात कोनी थांबते का जी? अखेर सगळ्यांच्या संमतीने हे ठरले: ‘तुमचे टोकन लागत आहे. पुन्हा दाबू नका. वहिनी आवाज देतील.’ साहेबांनी फोनवर विचारले, वहिनी म्हणजे कोण? मुक्ता म्हणाली, “इथे हा प्रश्न कोणाला पडणार नाही, सर.”

ऊन उतरल्यावर आम्ही वेणा नदीवर गेलो. पाणी थोडे होते आणि त्याला घाई नव्हती. पलीकडच्या काठावर बगळे उभे होते. जिनिंगमधून उडालेला कापूस समजून मी त्यांतल्या एकाकडे बराच वेळ पाहत राहिले, तेव्हा तो चालू लागला. मुक्ताचा अंगठा नकळत हातातल्या बंद फोनवर पुन्हा पुन्हा दाबत होता. उद्या सकाळी तिचे घर उभे राहणार होते किंवा कोसळणार होते, आणि मला तिला देण्यासाठी एकही चांगले वाक्य सुचले नाही.

सोमवार : फाटक

सकाळी वहिनीचे दुकान माणसांनी भरले होते. टोकन घरून घ्यायचे असते. तरी अर्धा तालुका, काहीजण तर भरल्या ट्रॉल्यांसह, ते घेतलेले पाहायला फाटकाशी आला होता. शेठजी कचेरीत पडद्यासमोर बसले. फाटकावरच्या माणसाला त्यांनी आधीच सांगून ठेवले होते: मी हात वर केला, तर लाइन लाव. रस्त्याच्या कडेला चुन्याची जुनी रेघ रात्रीतून कोणीतरी उजळूनही ठेवली होती. मुक्ताने ती पाहिली आणि पाणी मागितले.

टोकने सुरू झाली. बाकांवरचे सगळे अंगठे एकदम खाली आले.

“झालं,” धनराजभाऊ म्हणाले.

“काय झालं?”

“टोकन लागलं म्हनते.” ते संशयाने फोनकडे पाहत होते. “इतक्यात? म्हन्जे नसनच लागलं.”

“माह्यंही लागलं म्हनते. काहीतरी बिघडलं हाय.”

गुदमरण्याची इतकी सवय झाली होती, की मोकळा श्वास लोकांना आजार वाटला. तेवढ्यात कचेरीतून शेठजींचा आवाज आला. “अरे, पडदा तर कोरा आहे! एकही टोकन नाही!” आणि त्यांचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला.

मुक्ता ओसरीच्या पायऱ्या चढत ओरडली, “थांबा, शेठजी, पाट्या गोळा होतायत, पडदा मागे आहे!” पण शेठजींचा हात खांद्यापर्यंत आला होता. फाटकावरचा माणूस त्या हाताकडे एकटक पाहत होता आणि ट्रॅक्टरांची इंजिने रांगेकडे वळण्यासाठी गुरगुरू लागली होती. थांबा म्हटल्यावर जगात कोणीही थांबत नाही, याचा मला तत्क्षणी पडताळा आला.

आणि मग वहिनीचा फोन वाजला.

तो एकदा वाजून थांबला नाही. एक मेसेज, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कढईत मोहरी तडतडावी तसा तो तडतडत राहिला आणि स्टीलच्या ताटलीवर थरथरत पुढे पुढे सरकू लागला. वहिनीने तो झेप घालून पकडला, डोळ्यांसमोर धरला, आणि सगळ्या हिंगणघाटाला पुरेल अशा आवाजात म्हणाली:

“ओ शेठजी! हात खाली घ्या! लागले ना सबन! धनराज, तू पयला, ट्रॅक्टर आन! मंग सुरेश. थांब ना बाप्पा, वाचू तं दे... अवो, हा फोन मलेच बोलू नाई देऊन राह्यला!”

शेठजींचा हात हवेत, कानाच्या उंचीवर, तसाच राहिला. त्यांनी एकवार वहिनीकडे पाहिले, एकवार पडद्याकडे. पडद्यावर आकडा उगवला, मिटला, मोठा होऊन पुन्हा उगवला आणि वाढतच गेला. मग त्यांनी तो हात, इतका वर नेला आहे तर काही उपयोग व्हावा म्हणून, डोके खाजवायला वापरला.

फाटक उघडले. धनराजभाऊंची ट्रॉली आत आली; काठोकाठ भरलेली, वर धनराजभाऊ बसलेले, आणि मागे रस्त्यावर रांग नव्हती. नुसता मोकळा डांबरी रस्ता आणि त्यावर उडणारा कापूस.

“चालू ठेवा,” शेठजी मुक्ताला म्हणाले. एवढेच. मुक्ताने मान हलवली, ओसरीच्या खांबाला टेकली, आणि मला शिंक आली तेव्हा तीही डोळे पुसत म्हणाली, “मलाही हा कापूस झेपत नाही, ताई.”

आम्ही निघायच्या तयारीत वहिनीच्या बाकावर अखेरचा चहा घेत होतो, तेव्हा शेठजी रस्ता ओलांडून आले. त्यांनी तेवढ्या वेळात नातेवाइकांत बातमी पसरवली होती. “मॅडम, पुलगावले माझ्या साडूची जिनिंग आहे. तिथंही हेच लावून द्या. मी त्याले सांगून टाकलं, लोकाइले याच ॲपात नाव टाकाले सांग म्हणून.”

मुक्ताचा चेहरा उजळला. “जरूर लावू. आणि शेठजी, तिथे सुरुवातीपासूनच ज्याचा त्याचा क्रमांक घेऊ या. हिंगणघाटातली गोष्ट वेगळी आहे. पुलगाव इतकं लांब, तिथल्या लोकांना वहिनींचा आवाज थोडाच पोहोचणार?”

“थे बराबर हाय,” वहिनी म्हणाली. “तिथल्या लोकाइनं तिथला नंबर द्यावं.”

तिच्या हातातला फोन वाजला. तिने पदराने काच पुसली, मेसेज वाचला आणि जरा लाजली.

“पुलगाववाला दिसते,” ती म्हणाली. “माह्यं माहेर व्हय ना थे.”

फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. धनराजभाऊ रिकामी ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरवरून सारे ऐकत होते. त्यांनी इंजिन बंद केले, म्हणजे पुढचे नीट ऐकू यावे.

मुक्ताने चहाचा ग्लास बाकाच्या कडेला सरकवला, मांडीवर संगणक उघडला आणि शोभावहिनीच्या नावाने आणखी खोल्या बांधायला घेतल्या.